फितूर हात

सोमवार, ३ मार्च

ही वही डॉक्टरांनी दिली. पानापानावर चौकटी आहेत, त्यात रोजच्या साखरेचे आकडे लिहायचे म्हणे. मी लिहिणार नाही. आकड्यासाठी बोट टोचावं लागतं आणि बोटांची टोकं हे माझं भांडवल आहे. उजव्या हातात कुंचला, डाव्या हातात तबकडी. दहाही बोटं कामावर असतात, टोचून घ्यायला एकही रिकामं नाही. पण कोरी वही टाकवत नाही, म्हणून चौकटींवरूनच लिहितोय.

मी डोळे रंगवतो. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांना दुसऱ्याच्या जोडीचा खोटा डोळा आम्ही करून देतो. आम्ही म्हणजे मी आणि घुबड. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, म्हणून सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्याला घुबड म्हणायला लागलो, आता तो त्याच नावाला ओ देतो. खोबणीचा साचा घेणं, पांढरी वाटी घडवणं, शेवटचं पॉलिश हे त्याचं काम. मधलं माझं, म्हणजे बुबुळ. गिऱ्हाईक उत्तरेच्या खिडकीशी माझ्यासमोर बसतं आणि मी त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत नखाएवढ्या तबकडीवर त्याचं बुबुळ काढतो. खिडकीजवळची ती खुर्ची माझी. तिच्यात दुसरं कुणी बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही आणि मला पाहायचंही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गेले काही महिने सकाळी अकराच्या सुमाराला माझा हात थरथरतो. छातीत धडधडतं. खिशातल्या पत्र्याच्या डबीतल्या तीन-चार लिंबाच्या गोळ्या चावून खाल्ल्या की पंधरा मिनिटांत हात ठिकाणावर. म्हणजे साखर उतरलेली असते. एकोणीस वर्षं इन्शुलिन टोचतोय, एवढं मला कळतं. पण सांगणार कुणाला? घुबडाच्या आणि आमच्या हिच्या मते साखर म्हणजे फक्त वर चढणारी. गोळी तोंडात दिसली की नवराबायको असल्यासारखे दोघं एका सुरात माझ्यावर ओरडतात. आणि समजा पटवून दिलंच, तर उद्या गावभर होईल की याचा हात कापतो. कापऱ्या हाताकडून डोळा कोण करून घेईल? म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन, चोरासारखा, गोळ्या खातो.

डॉक्टरांना फक्त थरथर आणि धडधड सांगितली. गोळ्यांचं सांगितलं नाही. रक्तदाबही वाढलाय. त्यांनी नवं औषध लिहून दिलं आणि मग पुराण लावलं. इन्शुलिन घेणाऱ्यांच्या खुणा याने झाकल्या जातात, घामाकडे लक्ष ठेवा, यंत्रावर तपासत राहा, असं बरंच. मी मान डोलावत होतो. माझं सगळं लक्ष त्यांच्या एकाच वाक्याला चिकटलं होतं, "हाताची थरथर कमी होईल."

बुधवार, १२ मार्च

थरथर गेली!

पाच दिवस वाट बघून मग लिहितोय, उगाच दृष्ट लागायला नको. अकरा वाजतात, साडेअकरा वाजतात, हात पुढे धरून बघतो तर दगड. हात थरथरत नाही म्हणजे साखर उतरत नाही. सरळ हिशोब आहे. एका औषधात दोन दुखणी गेली.

डबी घुबडाच्या भाचीला देऊन टाकली. ही मुलगी जानेवारीपासून काम शिकायला येते. कोपऱ्यातल्या टेबलाशी रंग खलते आणि डोळ्याच्या शिरांसाठी लागणारे लाल रेशमाचे तंतू सोडवत बसते. तोंडाला कुलूप.

"काका, तुमच्याकडेच असू द्या ना," म्हणाली.

"मला आता नको. माझा हात सुधारला म्हणून तोंड गोड कर."

तिने डबी खणात ठेवली. एक गोळीसुद्धा खाल्ली नाही. हल्लीच्या मुली वजनाला फार घाबरतात.

गुरुवार, २० मार्च

सुताराचं बुबुळ केलं. गडद तपकिरी, कडेला मधासारखी पिवळी झाक. एका बैठकीत उतरलं. हात स्थिर, काम उत्तम.

दुकानात उकडत फार होतं. माझा सदरा पाठीला चिकटला, कपाळावरचा घाम भुवयांतून गळत होता. घुबडाला म्हटलं खिडकी उघड, तर म्हणे उघडीच आहे. तो स्वतः लोकरीचा गळपट्टा घालून बसलेला. वय झालं की माणसाला थंडी वाजते. भूकही अशी खवळली की पावणेबारालाच डबा संपवला आणि भाचीच्या डब्यातलं अर्धं मागून खाल्लं.

घुबडाने तबकडी भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "छान आहे."

"छान काय? उत्तम म्हण. कौतुक करताना जीभ झिजते का तुझी?"

मी जरा जास्तच ओरडलो बहुतेक, भाचीच्या हातातून रेशमाची रीळ पडली. हल्ली माझं डोकं लवकर फिरतं. पण घुबडही तसाच वागतो, टक लावून बघत बसतो.

बुधवार, २ एप्रिल

घुबडाने कुंचले धुवायच्या स्पिरिटची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलंय. लागेल तेव्हा मागायची आणि तो वाटीत ओतून देणार. कंजूषपणाला काही सीमा? मी म्हटलं, "मी काय पिणार आहे का ते?" तर त्याचा चेहरा पडला.

घरी दुसरंच. ही हल्ली मी आलो की दारातच जवळ येते, अगदी तोंडाजवळ तोंड आणते, मग "हं" म्हणून आत जाते. साठीत प्रेमाला पालवी फुटली म्हणायची. मी लाजलो.

आज भिंग दगा देत होतं, बुबुळाची कड दुहेरी दिसत होती. नवं मागवायला हवं. रंग मागताना तोंडात भलताच शब्द यायचा. मी 'पिवळा' म्हणायचो आणि बाहेर पडायचा 'पलीकडचा'. मामा-भाची एकमेकांकडे बघत होते. जेवल्यावर मात्र सगळं झकास. हात दिवसभर स्थिर. काम उत्तम.

बुधवार, ९ एप्रिल

सुतार येऊन गेला. नवा डोळा घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बायको विचारते, यातला खोटा कुठला?" मग माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "तुमच्या हातात जादू आहे."

खोटं का बोलू, डोळे भरून आले. सत्तावीस वर्षांत असे शब्द थोडे ऐकले. घुबड जमिनीकडे बघत होता आणि भाची लालबुंद होऊन मागच्या खोलीत पळाली. दुसऱ्याच्या कौतुकाने एवढं लाजायचं काय कारण? घरी येऊन हिला तीनदा सांगितलं.

आजचंही बुबुळ उत्तम. फक्त दुपारी डबा उघडा ठेवून तिथेच डुलकी लागली, ते बरं दिसलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

लिहितानासुद्धा राग आवरत नाही.

संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून दुकानात परत गेलो. माझ्या खुर्चीत भाची बसली होती. माझा दिवा, माझं भिंग, माझा तीन केसांचा कुंचला! घुबड शेजारी उभा.

"हे काय चाललंय?"

"सराव करतेय," घुबड म्हणाला.

"माझ्या खुर्चीत?"

"तिथे उजेड बरा आहे."

भाचीने तबकडी मुठीत लपवली. म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. आता एकेक कडी जुळतेय. परवा घुबड फोनवर दबक्या आवाजात बोलत होता, "आज पुन्हा तसंच. बोलणं जड येत होतं. पण वास नव्हता, वहिनी." त्याची वहिनी म्हणजे माझीच बायको! माझ्या पाठीमागे माझ्याच बायकोशी कसले वास नि काय?

मला कळलंय. भाची तयार झाली की मला निवृत्त करायचं. हिला त्यात सामील करून घेतलंय. सत्तावीस वर्षं मी ज्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तो आतून असा निघावा.

मंगळवार, २२ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहिणार आहे, कारण उद्या सगळे वेगळं सांगतील.

मास्तरीणबाई आल्या होत्या. शाळेत शिकवतात, उजवा डोळा गेलाय. डाव्याचं बुबुळ राखाडी, त्यात हिरवट रेषा. अवघड काम, माझ्या आवडीचं. दहा वाजता सुरुवात केली. अकरापर्यंत सगळं छान चालल्याचं आठवतं. मग बाई सारखा डोळा हलवायला लागल्या. मी सांगितलं, हलवू नका. त्या म्हणाल्या, हलवत नाहीये. मी जरा जोरात सांगितलं. मग त्या पुढे वाकल्या आणि, एखाद्या पोराला विचारावं तसं, म्हणाल्या, "तुमचं नाव सांगता का मला?"

मी म्हटलं, बुबुळाला नाव कशाला लागतं?

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. घुबडाचा आवाज, "माफ करा बाई, हल्ली तो जरा घेतो. घरात ताण असेल." आणि बाईंचा, वर्ग गप्प करणारा आवाज, "हे प्यालेले नाहीत. यांना मधुमेह आहे का? इन्शुलिन घेतात? मग साखर उतरलीय यांची. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचं हुबेहूब असं व्हायचं. बघा ना, अंग घामाने डबडबलंय, नजर हरवलीय, शब्द अडखळतायत, उगाच चिडतायत. साखर आणा!" भाचीने खणातून माझीच डबी काढली. बाई म्हणाल्या, "गोळी नको, या अवस्थेत घशात अडकेल. पाण्यात साखर विरघळवा, घोट घोट पाजा. गिळतायत ना, बघत राहा."

मग घुबडाने मला धरलं. गिऱ्हाइकासमोर! मी हात झटकत होतो आणि तो एका हाताने माझी मान धरून पेला ओठांना लावत होता. अर्धं पाणी सदऱ्यावर. पंधरा-वीस मिनिटांनी मी चिकट, ओलाचिंब, सगळ्यांच्या मध्ये बसलेला होतो आणि जग पुन्हा नीट दिसत होतं. तबकडी कुणीतरी उचलून नेली होती.

पण मला त्या पाण्याचं काही नाही. मला एकच वाक्य टोचतंय, हल्ली तो जरा घेतो. म्हणजे स्पिरिटचं कुलूप त्यासाठी. म्हणजे ही दारात येऊन माझं तोंड हुंगते ती त्यासाठी. आणि मी प्रेम समजून लाजत होतो.

आयुष्यात थेंबाला शिवलो नाही मी.

गुरुवार, २४ एप्रिल

घुबड घरी आला. बाहेरच्या खोलीत बसून, हिच्या देखत, म्हणाला, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत खुर्चीत बसायचं नाही."

मी उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. "थरथरतोय? सांग, थरथरतोय?"

"नाही."

"साखर उतरली की माझा हात थरथरतो. मला माहीत आहे, तुला नाही. त्या दिवशीही थरथरला नव्हता. मग साखर उतरली कशी? ती बाई काय डॉक्टर आहे?"

"अरे, पण पाणी पोटात गेल्यावर तू माणसात आलास, ते मी डोळ्यांनी बघितलं."

"जाड भिंगांतून बघितलंस. आधी दारू दिसली, आता साखर दिसते. खुर्ची रिकामी व्हायला तुला काहीही चालेल."

ही मध्ये पडली, "सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. तोवर यंत्रावर बघा तरी." यंत्र तिनेच पुढ्यात आणून ठेवलं. मी ते खणात टाकलं. घरात आधीच दोन हेर आहेत, तिसरा नको.

ती रडली. मला वाईट वाटलं, पण जिने तोंड हुंगलं तिला मी काय समजावू?

रविवार, २७ एप्रिल

आज सोक्षमोक्ष. रविवारी दुकान बंद असतं, जुनी किल्ली माझ्याजवळ आहे. बाईंचा फोटो समोर ठेवून बुबुळ पूर्ण करणार आणि उद्या सगळ्यांसमोर ठेवणार. पुरावा म्हणून वेळेसकट लिहितोय.

सकाळी इन्शुलिन टोचलं. हिने पाव आणि अंडं पुढे ठेवून विचारलं, "आज कुठे निघालात?" त्यावरून वाजलं. दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि उठलो. रविवारी गाड्या कमी, चालतच आलो.

१०.१०. दार आतून लावलं. खुर्चीत बसलो. किती बरं वाटलं. हात स्थिर.

१०.४५. पहिला थर झाला. राखाडी छान जमलाय. हात स्थिर.

११.१५. उकडतंय. खिडकी उघडली. आधीच उघडी होती. ओठांना मुंग्या येतायत, रंग लागला असेल. हात स्थिर.

११.३० हिरवा सापडत नाही. भाचीने लपवला. हिरवा इथेच होता पलीकडचा. हात अगदी स्थिर बघा

हात स्थिर आहे. वही ओली झाली. बाई फोटोतून डोळा हलवतात सारख्या. खुर्ची माझी

घुबडाला सांगा हात

बुधवार, ३० एप्रिल

दवाखान्यात आहे. उद्या सोडणार.

रविवारी दीड वाजेपर्यंत मी आलो नाही. हिने खण उघडला, तर यंत्र जागेवर आणि जुनी किल्ली गायब. तिने घुबडाला फोन केला. त्याने येऊन दार ठोठावलं, मग काच फोडून आत हात घातला आणि कडी काढली. मी खुर्चीखाली पडलो होतो. घुबड पेला भरायला धावणार होता, पण मास्तरीणबाईंनी त्या दिवशी जाता जाता त्याला बजावलं होतं की माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. त्याने तसंच केलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजलं असतं तर ते फुप्फुसात गेलं असतं.

डॉक्टरांनी परत सगळं सांगितलं. या वेळी मी कान उघडे ठेवून ऐकलं. नव्या औषधाने थरथर आणि धडधड दाबली जाते. साखर मात्र उतरायची तशी उतरतच राहते. घाम त्या औषधाला जुमानत नाही, म्हणून घामाकडे लक्ष ठेवा म्हणाले होते.

म्हणजे घाम मला दोन महिने ओरडून सांगत होता आणि मी खिडकी उघडत होतो.

मी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तो हातच फितूर निघाला. थरथर होती तोवर रोज अकराला वर्दी द्यायची. तिला मीच औषध घालून गप्प केलं आणि वर डबी वाटून टाकली.

"औषध बदलू," डॉक्टर म्हणाले. "सकाळचं इन्शुलिनही कमी करू. पण हात परत थरथरेल, चालेल ना?"

मी म्हटलं, थरथरू दे.

ही उशाशी बसली होती. म्हणाली, "मी तोंड हुंगलं, ते चुकलं माझं. पण तुम्ही गोळ्या लपवल्यात ना? मला साखरेचं चढणं तेवढं माहीत होतं. उतरणं तुम्ही कधी कळूच दिलं नाहीत." मी तिचा हात धरला.

शुक्रवार, २ मे

घुबड आला. उजव्या हाताला पट्टी, काचेने कापलंय, पाच टाके. तो हात सारखा पाठीमागे लपवत होता. मग डाव्या हाताने खिशातून एक चपटी डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे द्यायला हवं होतं आधीच," म्हणाला.

आत कापसावर सहा तबकड्या. सहा बुबुळं. प्रत्येकीखाली चिठ्ठी, तारीख लिहिलेली. मी भिंग मागितलं. एकीची कड अंड्यासारखी. एकीत बाहुली बुबुळाच्या मध्यावर नाहीच, घसरून बाजूला गेलीय. एकीत पिवळ्याचा नुसता चिखल. शिकाऊ पोरही लाजेल असं काम.

"कुणाची ही?"

"तुझी."

मी वही काढली. वीस मार्च, सुताराचं बुबुळ, 'हात स्थिर, काम उत्तम.' दोन एप्रिल, 'काम उत्तम.' नऊ एप्रिल, 'आजचंही बुबुळ उत्तम.' बाकीच्या तारखांना मी काही लिहिलं नव्हतं, एवढीच मेहेरबानी. माझ्याच अक्षरात माझ्याच वहीने मला फसवलं होतं.

मग लख्ख उजेड पडला. "मग सुताराच्या डोळ्यात कुणाचं बुबुळ आहे?"

"भाचीचं. सहाही तिनेच नव्याने केली. संध्याकाळी, तू गेल्यावर."

तुमच्या हातात जादू आहे. सुताराने माझे हात धरून सांगितलं होतं आणि ती मुलगी चार पावलांवर उभी होती. मी घरी येऊन तीनदा सांगितलं.

मी घुबडावर ओरडलो नाही. ओरडण्याएवढी ताकद नव्हती. फक्त विचारलं, "पहिल्याच दिवशी तोंडावर का नाही सांगितलंस?"

त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे एवढेसे दिसतात. म्हणाला, "माझे वडील असेच व्हायचे. घाम, बडबड, अंगावर धावून येणं. आई शेजाऱ्यांना सांगायची, यांना ताप आहे. झाकायचं कसं तेवढंच मी घरात शिकलो. तुझं बघितलं आणि वाटलं, हे तेच. विचारलं असतं तर तू नाही म्हटला असतास, मग मला तू खोटारडाही वाटला असतास. तेवढं नको होतं मला."

"म्हणून छान आहे म्हणालास?"

"हो."

"माझ्या मरणावर पॉलिश करत बसलास तू."

त्याने चष्मा परत घातला. खरं बोलायचं तर माझ्याही जिभेखाली कित्येक महिने लिंबाच्या गोळ्या होत्या. पण त्याने केलं ते केलंच. मी अजून माफ केलेलं नाही आणि तसं त्याला सांगितलं. जाताना तो डबी न्यायला लागला. मी म्हटलं, राहू दे.

गुरुवार, १५ मे

खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी परवानगी दिली, अट एकच, बसण्याआधी आणि अकराला यंत्र. मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून डोळा करून घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही. बोटांचं माझं रडगाणं ऐकून हसल्या. "टोकाला कशाला टोचता? करंगळीच्या बाजूला टोचा. माझ्या वर्गातली मुलगी तसंच करायची, वीणकामात पहिली होती." एकोणीस वर्षांत हे मला सुचलं नाही.

भाचीला माझ्या शेजारी बसवलं. तिला म्हटलं, "सुताराच्या डोळ्याचं कौतुक माझ्याकडे चुकून पडून आहे, ते घेऊन जा." ती रडायलाच लागली. मग मी तिला सुताराचे सगळे शब्द होते तसे सांगितले.

अकराला दहा मिनिटं कमी असताना हात थरथरला. बारीकसा. मीच चमकलो, पण माझ्याआधी घुबडाने बघितलं. "अरे, हात!" केवढ्याने ओरडला! भाचीने गोळ्यांची डबी पुढे केली. करंगळीला टोचलं. एकसष्ट. चार गोळ्या चावून खाल्ल्या, सगळ्यांच्या देखत, खिडकीच्या उजेडात. पंधरा मिनिटं कुणीही कामाला हात लावला नाही. बाई वह्या तपासत बसल्या. परत टोचलं, ब्याण्णव.

मी तबकडी घुबडाकडे दिली. थरथरायच्या आधी केलेलं काम. ते करताना मला बरं वाटत होतं.

त्याने भिंगाखाली धरून बराच वेळ बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने एकदा घसा साफ केला, एकदा चष्मा सारखा केला.

"बिघडलंय," म्हणाला. "हिरवा फार आहे. बाहुलीही थोडी डावीकडे."

लागलं मला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. भिंग घेऊन मी बघितलं, त्याचं खरं होतं.

तबकडी चिठ्ठी लावून त्या चपट्या डबीत ठेवली, सातवी. भाचीकडून नवी घेतली, बाईंना म्हटलं इकडे बघा, आणि राखाडीपासून सुरुवात केली.